पंजा बुडाला तर घेऊ नका

४ फेब्रुवारी

ढग आज घरी नेला. ढग म्हणजे नातीसाठी बनवलेली गादी. नाव आमच्या कटिंगमास्तरांनी ठेवलं. पंजा दाबला की मनगटापर्यंत आत जातो, आणि हात काढला की खड्डा आळस देत देत भरून येतो. खांद्यावर गाद्यांच्या गुंडाळ्या टाकून दारोदार ओरडत फिरायचो, तेव्हापासून गिऱ्हाइकाला मी एकच वाक्य सांगत आलो : "पंजा दाबून बघा, बुडाला तरच घ्या." त्या वाक्यावर कारखाना उभा राहिला. मग नातीच्या वाट्याला सगळ्यात मऊ गादी यावी, यात माझं काय चुकलं?

सूनबाईने गादीत बोट खुपसून पाहिलं. "सुंदर झालीय, बाबा," म्हणाली आणि उचलून कपाटावर ठेवली.

"का गं?"

"बाळाला मऊ चालत नाही. कडक आणि सपाटच हवं. तोंड रुतलं तर मान वळवून बाजूला व्हायचं बळ कुठे आहे तिच्यात?"

"अगं, माझा जन्म गेला गाद्यांत."

"मोठ्यांच्या गाद्यांत, बाबा."

म्हणजे गादीवाल्याची नात दुकानातून आणलेल्या परक्या गादीवर झोपते. न्हाव्याच्या पोराने समोरच्या गल्लीत जाऊन केस कापून यावे, तसं. बरं, त्या कॉटमध्ये उशी नाही, दुलई नाही, एक चिंधीची बाहुली नाही. नुसतं पोर. "कैद्यालासुद्धा उशी मिळते," असं मी म्हणालो. कुणी हसलं नाही. चिरंजीवांनी तर बायकोकडे बघून वर्तमानपत्र उघडलं.

जाऊ दे. संध्याकाळी खिडकीपाशी खुर्ची टाकून ठमाकाकूंशी गप्पा मारल्या. (बाळाचं नाव ठरायचंय, तोवर ठमाकाकू. तोंडच तसं आहे, शेजारणीच्या भांडणात निवाडा देणारीचं.) कारखान्यात काय झालं, कोणती मशीन रुसली, कोण कुणाला काय म्हणालं, सगळं सांगितलं. आईने बोलावलं तर ही वळत नाही, बापाकडे ढुंकून बघत नाही. मी बोलायला लागलो की टक लावून ऐकते. सूनबाई आतून म्हणाली, "बाबा, टकळी थांबवा जरा. झोपू द्या तिला."

९ फेब्रुवारी

हिला आज सापडलं. 'ही' म्हणजे आमची मंडळी, बाळाची आजी. बाळाचं डोकं पुसताना थबकली आणि मला बोलावलं. "अहो, इथे हात फिरवा."

डोक्याच्या मागे, उजव्या बाजूला, चपटं. बाकी सगळं गोल, तेवढीच जागा बसलेली. वरून पाहिलं तर उजवा कानही किंचित पुढे सरकल्यासारखा दिसतो. भीती वाटली. खोटं कशाला लिहू, त्या भीतीमागोमाग दुसरं काहीतरी आलं, आणि त्याला आनंद म्हणायची लाज वाटते. दगडावर झोपवलं तर डोकं चपटं होणारच! मी सांगत नव्हतो?

तोंडावर बोललो नाही. पण माझं न बोलणंही या घरात मोठ्याने ऐकू येतं. सूनबाई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. दुपारी स्वयंपाकघरात ती हिला हळूच विचारत होती, "आई, माझ्यामुळे झालं का हो?" दोन भिंतींपलीकडून ऐकलं. हे कान कधीकधी नकोसे होतात.

१२ फेब्रुवारी

बाळांच्या डॉक्टरीणबाईंकडे सगळी वरात गेली. बाई तरुण आहेत, हात मात्र मुरलेले. बाळाची मान दोन्हीकडे वळवून पाहिली, डोकं वरून पाहिलं, कानांच्या रेषा पाहिल्या.

"मानेत आखडलेलं काही नाही, हे चांगलं. पण ही सारखी उजवीकडेच बघत झोपते का?"

"सारखी," सूनबाई म्हणाली.

"तेच कारण. कवटी अजून मऊ आहे, ज्या बाजूवर रोज भार पडतो ती बाजू बसते. बरंच काही भरून येतं, पण आपण कामाला लागलं पाहिजे."

"गादी फार कडक आहे म्हणून तर नाही ना?" मी अगदी साळसूदपणे विचारलं.

"गादी बरोबर आहे, आजोबा. झोपवायचं पाठीवरच, आणि कडक सपाट गादीवरच. श्वासाशी खेळ नको. जागी असेल आणि कुणी समोर बसलेलं असेल तेव्हा पोटावर ठेवा, थोडं थोडं, पण दिवसातून पुष्कळदा. कडेवर घ्या. आणि मुख्य म्हणजे, ती उजवीकडेच का वळते ते शोधा. काय आहे त्या बाजूला? उजेड? खेळणं? आवाज?"

"खिडकी!" आम्ही तिघं एकदम म्हणालो. शाळेत उत्तर आल्यासारखे.

"मग बाळाचं डोकं कॉटच्या दुसऱ्या टोकाला करा, म्हणजे खिडकी डावीकडे येईल. आणि आजोबा, उशी नको. भोकाचीसुद्धा नको."

मी उशीचं नावही काढलं नव्हतं. बाई मनकवड्या आहेत.

पुढच्या महिन्यात दाखवायचं. फरक नसेल तर मोठ्या दवाखान्यात पाठवणार. तिथे साच्यातली कडक टोपी बसवायची की काय ते ठरवतील म्हणे. घरी येईपर्यंत सूनबाई गाडीत बाळाच्या डोक्यावर तळवा धरून बसली होती, जणू तो साचा तिचाच.

१३ फेब्रुवारी

फेरबदल झाला. कॉट खोलीच्या मधोमध, एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला दार. बाळाचं डोकं पायथ्याकडे केलं, म्हणजे खिडकी डावीकडे आली. सूनबाई म्हणाली, "बाबा, खिडकी अडवू नका हं, तिला उजेड दिसू दे." मी शहाण्यासारखी खुर्ची उचलली आणि दाराच्या बाजूला नेऊन ठेवली. माझी कुठे अडचण नको. तिथूनही गप्पा छान होतात.

पोटावर ठेवण्याचा प्रयोगही झाला. ठमाकाकूंनी जमिनीवरच्या चटईला नाक लावलं आणि अशी आरोळी ठोकली की हिच्या हातातलं भांडं पडलं. शेवटी मी तिच्यासमोर पालथा झोपलो, नाकाला नाक लावून. म्हटलं, चल, बघू कोण जास्त वेळ मान वर धरतं. मी हरलो. उठवायला चिरंजीवांना बोलवावं लागलं.

१९ फेब्रुवारी

पालथं पडणं रोज चालू आहे. काकूंची मान आता चांगली उठते, माझीही. पण झोपली की तोंड पुन्हा उजवीकडे. खिडकी डावीकडे, आणि ही बघते दाराकडे! सूनबाई हळूच डोकं सरळ करते. मी जरा बोलायला लागलो की पोरगी पुन्हा फिरते. हट्टी आहे. आमच्या घराण्यातला हट्ट, दुसरं काय.

चिरंजीव म्हणाले, "दारातून आई येते ना, म्हणून असेल." सगळ्यांना पटलं. मलाही.

२४ फेब्रुवारी

इलाज माझ्या हातात असताना मी स्वस्थ का बसू? डॉक्टरीणबाईंना बाळातलं कळतं, मान्य. पण भार कुठे पडतो आणि तो कसा वाटून द्यायचा, हे मला कळतं. कंबरदुखीवाल्यांसाठी मीच खळगा असलेली गादी काढली की नाही? तसाच खळगा डोक्यासाठी. भोवती मऊ कडं, मधे भोक, डोकं अधांतरी. गोल राहील नाहीतर काय.

मास्तरांनी कापड कापता कापता विचारलं, "शेठ, सूनबाईंना ठाऊक आहे ना?"

"मास्तर, तुमची कात्री चालू द्या."

"कात्री चालतेच आहे. मी आपलं तोंड चालवत होतो."

योगायोग असा की आमच्या गाद्या विकणारे मोठे दुकानदार आले होते. त्यांनी उशी हातात फिरवली. ढग आणि ही उशी, जोडीने विकू म्हणाले. "नाव ठेवा गोलगोल. आया झडप घालतील." मी होकार दिला. रात्री झोप चांगली लागली.

२६ फेब्रुवारी

लिहायला हात वळत नाही, पण लिहायचं ठरवलं आहे.

दुपारी सूनबाई न्हायला गेली. ही भाजी आणायला गेली होती. बाळ कॉटमध्ये गाढ झोपलेलं, तोंड उजवीकडे. मी पिशवीतून उशी काढली, अलगद डोकं उचललं आणि भोकात बसवलं. राजकन्येसारखी दिसली. मी मनात म्हटलं, पंधरवड्यात सगळ्यांना दाखवतो.

तेवढ्यात दुकानदारांचा फोन आला. झोपमोड नको म्हणून शेजारच्या खोलीत गेलो. ते रंगांबद्दल बोलत होते. आणि मला ऐकू आलं.

कारखान्यात सगळ्या मशिनी धडधडत असताना एखादीखाली कापड गोळा व्हायला लागलं, तर तिचा आवाज बदलतो. ती बंद पडत नाही, घुसमटते. टाक्याचा ताल जड होतो. हे मला पाठमोरा असतानाही कळतं. बाळाच्या श्वासाचा ताल तसा झाला होता.

फोन कुठे पडला ते नंतर कळलं. काकू घसरून खाली आली होती. हनुवटी छातीला टेकलेली, गाल आणि अर्धं नाक त्या मऊ कड्यात रुतलेलं. माझा पंजा जसा बुडतो, अगदी तसं. मी उशी खेचली, तिला उचललं. एक क्षण काही नाही. मग ती रडली. एवढा सुरेल आवाज मी जन्मात ऐकला नाही.

सूनबाई ओल्या केसांनी धावत आली. माझ्या एका हातात बाळ, दुसऱ्या हातात उशी. पिशवीत लपवता आली असती. पाय हलले नाहीत, आणि बरंच झालं.

"मी ठेवली होती," मी म्हणालो. "नाक रुतलं होतं तिचं."

तिने बाळाला घेतलं. तोंड पाहिलं, ओठ पाहिले, छातीला कान लावला. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, तुम्ही बाहेर जा आता."

बाळाला लगेच डॉक्टरीणबाईंकडे नेऊन तपासून आणलं. ठणठणीत आहे. मी सोबत गेलो नाही. नेलं नाही.

२७ फेब्रुवारी

बाळाच्या खोलीचं दार लोटलेलं. मी उंबऱ्याबाहेर बसून दाराआडूनच काकूंशी गप्पा मारतो. जेवणं नीट झाली, वाढलंही नीट. पण बाळाला कुणाच्या तरी हाती दिल्याशिवाय सूनबाई खोली सोडत नाही, आणि तो 'कुणीतरी' मी नसतो.

२ मार्च

सकाळी कारखान्यात गेलो आणि उशीचा साचा मास्तरांसमोर ठेवला. "कापा."

"काय कापायचंय, शेठ?"

"हाच. चार तुकडे करा."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता कापला. या माणसाला कधी बोलायचं नाही हे कळतं, म्हणून तो माझ्याकडे टिकला, आणि मी त्याच्याकडे.

दुकानदारांना सांगितलं, गोलगोल नाही, ढगही नाही. ते हसले. मग हसायचे थांबले. "शेठ, शब्द दिलात."

"दिला होता. चुकीचा दिला. माझ्या नातीचं नाक त्यात रुतलं."

"सगळ्यांच्याच पोरांचं थोडंच रुततं?"

"कुणाच्या पोराचं रुतायचं ते तुम्ही निवडून द्या, मग विकतो."

गेले. परत येतील की नाही माहीत नाही. मला एकच करायचंय. या घरात बाळाखाली माझ्या हातची गादी आली पाहिजे, आणि ती सूनबाईने स्वतः घातली पाहिजे.

५ मार्च

कडक गादी बनवणं एवढं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. मऊपणा माझ्या हातात बसलाय. घट्ट फोम कापला तरी सवयीने वर एक पातळ मऊ थर घालतो, पायाखालचा रस्ता आपोआप घराकडे वळावा तसा. मास्तर थर उचलून बाजूला टाकतात. "शेठ, पुन्हा ढग घुसला."

पहिली फेल. पंजा दाबला, ठसा राहिला. दुसरी कडक झाली, पण कडेला नरम; बाळ सरकत सरकत कडेलाच जातं. तिसरीची खोळ सैल होती, ओढली की सुरकुती हातात येत होती. सुरकुती नको, कापड तोंडावर यायला नको. कारखान्यात तिला 'पाटा' म्हणायला लागलेत. शिवणाऱ्या बाया दाबून बघतात आणि म्हणतात, "शेठ, तुमचं काही भांडण झालंय का नातीशी?"

कॉटचं माप घ्यायला घरी मोजपट्टी घेऊन गेलो. सूनबाई दारात उभी राहिली. मी चारही कडा मोजत होतो. शेवटी तीच म्हणाली, "चहूबाजूंनी घट्ट बसायला हवी. फट राहिली की त्यात तोंड जातं."

"म्हणून तर मोजतोय."

ती गेली नाही. मोजपट्टीचं दुसरं टोक तिने धरलं.

९ मार्च

पाचवी गादी. थाप मारली, आवाज ठक्क आला, लाकडावर मारल्यासारखा. पंजा दाबून सगळं अंग टाकलं. ठसा नाही. खोळ चेन लावून चढणारी, ताणून बसलेली, धुता येणारी. कॉटमध्ये बसवताना कोपरे जोर लावून आत घालावे लागले.

सूनबाईने कडेने बोट घालून पाहिलं, शिरलं नाही. मग पंजा ठेवला. पंजा तिचा, पद्धत माझी. दाबला, उचलला, वाकून पाहिलं. परकी गादी भिंतीला लावून ठेवली आणि बाळाला पाठीवर निजवलं.

"बसते नीट," म्हणाली. एवढंच.

मी मास्तरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "मग आता तुम्हीही झोपा, शेठ."

डोक्याचं मात्र तसंच. डॉक्टरीणबाईंकडे जायचा दिवस जवळ आला. बाळ दाराकडेच बघतं, तीच चपटी बाजू खाली. कडक टोपीचा विषय निघाला की सूनबाई भांडी घासायला उठते, घासलेली असली तरी.

१० मार्च

खोकला झालाय. घसा बसला. बाळाजवळ फिरकायचं नाही, असा हिचा हुकूम. मलाही पटतं. पलीकडच्या खोलीत गरम पाणी पीत पडलोय. बोलायला कुणी नाही आणि आवाजही नाही. देवाने दोन्ही एकदम नेलं.

१३ मार्च

भिंतीपलीकडे आज गंमत चालली होती. चिरंजीव म्हणत होते, "अगं, बघ बघ, डावीकडे झोपलीय!" सूनबाई म्हणाली, "कालही झोपली होती. पोटावर खेळून दमली की आता कशीही पडते." आवाजात इतकं हसू होतं की मी खोकला दाबून ऐकत राहिलो.

पालथं पडण्याचा गुण आला. चांगलं झालं. खिडकी मनात भरायला वेळ लागला असेल तिच्या.

१७ मार्च

घसा सुटला. हात धुतले, कपडे बदलले, आणि दारात उभा राहून परवानगी विचारली. सूनबाई कपड्यांच्या घड्या घालत होती. "या," म्हणाली.

माझी खुर्ची दाराच्या बाजूला होती तिथेच होती. काकू जागी, तोंड डावीकडे, खिडकीतला उजेड बघत पडलेली. मी बसलो आणि म्हणालो, "काय काकू, ओळखलंत का?"

डोकं गर्रकन उजवीकडे.

घडी घालणारे हात थांबले. मी सूनबाईकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं ना, उजेड, खेळणं की आवाज? घरात मीच एक तिखट कानांचा, आणि तेवढाच शब्द माझ्या कानावरून गेला!

मी उठलो. मशीन तपासायची तर एकेक भाग हलवून बघतात. गप्प राहून कॉटला वळसा घातला आणि खिडकीकडे उभा राहिलो. डोकं दाराकडेच. मग म्हणालो, "मास्तर तुम्हाला विचारत होते हो काकू." डोकं हळूहळू डावीकडे आलं. पायाशी गेलो, पाटा कसा बनवला ते सांगायला लागलो. डोकं मधोमध. पुन्हा दाराकडे, पुन्हा खिडकीकडे. दुकानातला टेबलफॅन फिरावा तशी पोरगी फिरली.

"अहो बाबा," सूनबाई कॉटच्या काठाला धरून खाली बसली. "खिडकी डावीकडे आली, आणि तुम्ही..."

"मी शहाण्यासारखी खुर्ची उजवीकडे नेली."

"मीच सांगितलं होतं ना, खिडकी अडवू नका म्हणून!"

आणि ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मग नुसतं पाणीच. ही धावत आली, म्हणाली, "काय झालं? कोण पडलं?" सूनबाईने डोळे पुसत सांगितलं, "आई, खिडकी नव्हती हो. हे होते. यांची टकळी होती."

ही माझ्याकडे बघून म्हणाली, "लग्नापासून माझीही मान एकीकडे का दुखते ते आज कळलं."

१८ मार्च

डॉक्टरीणबाईंनी डोकं बोटांनी चाचपलं. चपटेपणा आहे, पण वाढलेला नाही, किंचित सुटल्यासारखा वाटतो. मोठ्या दवाखान्यात तूर्त पाठवणार नाहीत. सहा आठवडे असंच चालू ठेवा, पोटावर खेळवा, डावी बाजू वाढवा, मग पुन्हा बघू. खुर्चीचं सगळं ऐकून त्या आधी हसल्या आणि मग मला म्हणाल्या, "आजोबा, डावीकडून बोला. दिवसभर बोललात तरी चालेल."

हे मला लेखी मिळालं असतं तर बरं झालं असतं. हिला दाखवलं असतं.

कारखान्यात पाट्याचा पहिला घाणा कापायला घेतला. प्रत्येक गादीला एक कापडी पट्टी शिवायची, मजकूर मास्तरांना सांगितला : "पंजा दाबून बघा. बुडाला तर घेऊ नका."

"शेठ, उलटं झालं की हो."

"उलटंच शिवा."

२१ मार्च

दुपारी जेवून हात धुतले तर बाळाच्या खोलीतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. लाकडाचा पाय फरशीवर घासल्याचा. आवाज ओळखीचा होता, माझ्या खुर्चीचा मागचा डावा पाय सैल आहे.

दारात गेलो. सूनबाईने खुर्ची खिडकीकडे ठेवली होती, बाळाच्या डाव्या हाताला. खांद्यावर टॉवेल, केस सोडलेले. बाळ पाट्यावर पाठीवर, डोळे टक्क उघडे. कॉटमध्ये दुसरं काही नाही. घरात आम्ही तिघंच.

मी उंबऱ्यातच थांबलो.

"मी न्हायला जातेय," ती म्हणाली. "बसा ना, बाबा."

मी बसलो. ती दारापर्यंत गेली, थांबली, वळून कॉटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गप्प का? बोला."